मेथीच्या वाफ्यात मांजरं येतात: त्यांना इजा न करता बाग कशी राखायची

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला सोसायटीत तळमजल्यावर १२ बाय १५ फुटांची बाग आहे. मेथी-कोथिंबिरीचे दोन वाफे, एक वांगी-मिरचीचा, शिवाय तीसेक कुंड्या. सोसायटीतली चार-पाच मांजरं वाफ्यात शी करतात, उगवलेली रोपं उकरतात आणि एक बोका तुळशी वृंदावनावर धार सोडून जातो. डांबरगोळ्या टाकून झाल्या, तिखट भुरभुरून झालं. शेजारच्या काकू त्या मांजरांना दूध-पोळी घालतात, त्यांच्याशी वाकडं घ्यायचं नाही आणि मांजरांनाही काही व्हायला नको. मग करायचं काय?

बाकी सगळं सावकाश करा, पण डांबरगोळ्या आजच वेचून काढा. त्यातलं नॅप्थलीन पोटात गेलं तर मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि यकृतालाही इजा होते. शिवाय ज्या मातीतली मेथी तुम्ही खाणार त्याच मातीत ते मुरतंय. तिखटाचंही तेच. ते आधी पंजांना लागतं, मांजर पंजे चाटतं, त्याच पंजाने तोंड पुसतं, आणि मग डोळे चुरचुरून बिचारं सैरभैर होतं. आणि एका पाण्यात तिखट धुऊन जातं, म्हणजे उपयोगही दोन दिवसांचा. फिनेल आणि डेटॉल यांच्या वाटेला तर जाऊच नका. फिनॉलसारखी रसायनं निचरा करायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार दुबळी असते, त्यामुळे फिनेल मारलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी विषबाधा होऊ शकते. निलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल, लिंबाच्या सालींचं अर्क-तेल हे ‘नैसर्गिक’ म्हणून सुचवले जाणारे उपायही याच कारणाने बाद. कॉफीचा चोथाही नको, कॅफीन मांजराला आणि कुत्र्याला दोघांनाही बाधतं.

कायद्याचंही एकदा सांगून ठेवतो, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘पोत्यात घालून लांब सोडून या’ असं कोणीतरी म्हणतंच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला अपायकारक पदार्थ देणं हा गुन्हा आहे, आणि उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी टाकून देणंही. विष घालून मारणं किंवा जायबंदी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि लांब सोडून प्रश्न सुटतच नाही. जागा आणि खाणं तसंच राहिलं की महिना-दोन महिन्यांत नवी मांजरं ती जागा धरतात, आणि ती नवी मांजरं नसबंदी न झालेली असण्याची शक्यता जास्त.

आधी खात्री करा: मांजरच आहे ना?

पुण्यात बागेतली माती उकरणारे बरेच जण आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. मांजराची खूण म्हणजे दोन-तीन इंच खोल उथळ खड्डा, त्यावर एका बाजूने ओढलेली माती, आणि खाली उग्र वासाची, तुकड्यातुकड्यांची विष्ठा. कुंडीत सुपारीएवढी चार-पाच भोकं आणि रोपं आडवी पडलेली दिसली, पण घाण नाही, तर ती खार. भिंतीच्या कडेला मूठ जाईल एवढं बीळ आणि तोंडाशी मातीचा ढीग असेल तर घूस. कठड्यावर किंवा पत्र्यावर फळांच्या बिया भरलेली विष्ठा असेल तर ते उदमांजर. ते रात्री पेरू-पपईसाठी येतं, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि पिकलेली फळं वेळेवर काढून घेण्यापलीकडे त्याच्या बाबतीत काही करायचं नसतं. शंका असेल तर संध्याकाळी वाफ्याशेजारी थोडी रांगोळी चाळून पसरा. मांजराच्या पंजाचा ठसा गोल, साधारण इंच-सव्वा इंचाचा असतो आणि त्यात नखं उमटत नाहीत. कुत्र्याच्या आणि मुंगसाच्या ठशात नखं दिसतात.

मांजराला तुमच्या बागेत काय हवं असतं

मांजराला हवी असते कोरडी, भुसभुशीत, बारीक कणांची आणि जरा आडोशाची माती. नुकताच पेरलेला मेथीचा वाफा म्हणजे नेमकं तेच. तुम्ही माती चाळलीत, खत मिसळलंत, हाताने सपाट केलीत. मांजराच्या दृष्टीने यापेक्षा चांगला संडास सोसायटीत दुसरा नाही. कुंड्यांच्या वरच्या थरात कोकोपीट असेल तर तेही तसंच. म्हणून सगळी मेहनत मांजराला घाबरवण्यावर न घालता मातीच्या वरच्या दोन इंचांवर घाला. भीती आठवड्याभरात मोडते. मातीचा पोत गैरसोयीचा झाला की सवय मोडते, पण त्याला साधारण तीन आठवडे लागतात, कारण जुना वास तिथे असेपर्यंत मांजर पुन्हा पुन्हा येऊन पाहतं.

म्हणून जाळी घालण्याआधी वरची तीन-चार इंच माती, जिथे घाण झाली आहे तिथली, हातमोजे घालून काढून टाका आणि तिथे नवी माती-खत भरा. जुन्या मातीतली मूठ-दोन मूठ एका डब्यात वेगळी ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

वाफे

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेकांची जाळी इथेच फसते. मेथी आपण उपटून काढतो. जमिनीवर जाळी अंथरली आणि मेथी तिच्यातून वर आली, तर उपटताना मुळं खाली राहतात, पानं तुटतात आणि जाळीही उचलली जाते. म्हणून मेथी-कोथिंबिरीला उचलता येणारी चौकट, आणि वांगी-मिरचीसारख्या टिकणाऱ्या झाडांना जमिनीत पुरलेली जाळी, असे दोन वेगळे प्रकार करा.

चौकट अशी करायची. समजा वाफा ३ बाय ६ फुटांचा आहे. बुरूड आळीतून बांबूच्या इंचभर रुंद कामट्या आणा. सहा फुटी दोन, तीन फुटी पाच. दोन लांब, दोन टोकांना आडव्या, आणि मध्ये दीड-दीड फुटावर तीन आडव्या. ह्या मधल्या तीन कामट्या गाळू नका. त्या नसल्या की जाळीला झोळ येतो, आणि मांजर त्या झोळात ऊन खात झोपतं, खाली रोपं चेपतात. सांधे बांधकामाच्या बारीक तारेने बांधा आणि तारेची टोकं आतल्या बाजूला दुमडा. वर एक इंची भोकांची कोंबडीजाळी ताणा. ती चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त ठेवून खाली वळवायची, म्हणजे कडेने पिल्लूही आत शिरत नाही. म्हणून जाळी साडेतीन फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब लागेल. बाजारात तीन फुटी आणि चार फुटी पन्ना मिळतो, चार फुटी घेऊन कापावी. रविवार पेठेत बोहरी आळीत ही जाळी फुटावर कापून देतात. चारी कोपऱ्यांना आणि लांब बाजूंच्या मध्ये एकेक अशा सहा विटा आडव्या ठेवून त्यांवर चौकट टेकवा, तीन इंच उंची मिळते.

मेथी तीन-पाच दिवसांत, धणे आठ-बारा दिवसांत उगवतात. रोपं तीन इंचांची होऊन जाळीला टेकू लागली की चौकट उचला. तोपर्यंत दाट पेरलेल्या मेथीने माती झाकलेली असते आणि उकरायला मोकळी जागाच राहत नाही. म्हणून पेरणी विरळ करू नका. धणे मात्र उशिरा उगवतात, विरळ राहतात, त्यांच्यावर चौकट अजून आठवडाभर राहू द्या. चौकट रिकामी झाली की ती लगेच पुढच्या पेरणीवर. काढणी झालेला वाफा उघडा ठेवून दोन दिवस ‘तापू’ देण्याची सवय असेल तर तेव्हाही तो झाकलेलाच हवा. मांजराने एकदा रिकामा वाफा धरला की पेरणीनंतर ते तिथेच येणार.

वांगी, मिरची, टोमॅटो, झेंडू, गुलाब यांच्यासाठी जाळी जमिनीतच. इथे दोन इंची भोकांची चालते. मातीवर सपाट अंथरा, प्रत्येक खोडाभोवती सहा इंचांचा गोल कापा आणि वरून अर्धा-पाऊण इंच माती किंवा शेणखत पसरा. मांजर उकरायला जातं, नखं तारेला लागतात, पंजा खाली जात नाही. दोन-चारदा पाहून ते नाद सोडतं. नख अडकून इजा होत नाही, कारण तार घट्ट दाबलेली असते. ती घट्ट दाबलेली असणं हेच इथे महत्त्वाचं. त्यासाठी १० गेजच्या जस्ती तारेचे १४ इंची तुकडे कापून यू-आकाराच्या खुंट्या वाकवा, दोन पाय सहा-सहा इंचांचे आणि वर दोन इंच. वर सांगितल्याएवढ्या वाफ्याला कडेने फुटाफुटावर १८ आणि मध्ये ६ अशा २४ खुंट्या, म्हणजे २८ फूट तार.

यात बिघडतं ते असं. खुंट्या कमी मारल्या तर कड उचलली जाते, मांजर कडेखालून उकरतं आणि अशा सैल तारेत पिल्लाचा पाय अडकू शकतो. जाळीची कापलेली टोकं वर राहिली तर मांजराच्या आधी तुमच्या हाताला लागतात, म्हणून प्रत्येक टोक पकडीने खाली वळवा. खोडाभोवती गोल लहान ठेवला तर वांग्याचं खोड जाड होताना तार सालीत रुतते आणि झाड एका बाजूने वाळू लागतं. खुरपं चालवता येत नाही, तण हाताने उपटावं लागतं, ही खरी गैरसोय आहे आणि ती मान्य करूनच जाळी घालावी. दोन-तीन पावसाळ्यांनंतर जाळी गंजते, तुकडे पडायला लागण्याआधी बदला.

स्वस्त पडते म्हणून बारीक नायलॉनची जाळी, मासेमारीची किंवा पक्ष्यांसाठीची, सैल अंथरू नका. त्यात धामण, सरडा, बुलबुल अडकून मरतात, आणि मांजराच्या पायाला तिचा फास बसला तर रक्तपुरवठा बंद होतो.

कुंड्या

वरच्या थरातलं कोकोपीट काढा किंवा दोन इंच खाली ढकला, आणि वर काहीतरी जड, ओबडधोबड ठेवा. लिंबाएवढे नदीचे गोटे उत्तम. सुपारीएवढी खडी मांजर सहज बाजूला सारतं. बारा इंची कुंडीला दीड इंचाच्या थरासाठी साधारण चार किलो गोटे लागतात, म्हणजे तीस कुंड्यांना सव्वाशे किलोच्या आसपास. तळमजल्यावर हरकत नाही, पण ग्रिलवर किंवा बाल्कनीच्या कठड्यावर टांगलेल्या कुंड्यांत हे वजन घालू नये. आणि आपल्याकडची काळी खडी एप्रिल-मे महिन्यांत इतकी तापते की वरची मुळं भाजतात, तेव्हा गोटे फिकट रंगाचे निवडा.

हलका पर्याय म्हणजे नारळाची सोडणं. दोन इंची तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवा, ते तांबूस पाणी फेकून द्या, आणि तुकडे पाठ वर करून एकमेकांना चिकटून दाबून बसवा. पाणी खालपर्यंत मुरतं, ओल टिकते, मांजराला खणता येत नाही. वर्षभराने कुजले की बदलायचे.

रसवंतीवरची चिपाडं किंवा उसाचं पाचट पुण्यात गच्चीवरच्या बागांत भरपूर वापरतात. आच्छादन म्हणून ते चांगलं, पण चार इंच जाड आणि लांब तुकड्यांचं असेल तरच. बारीक चुरा किंवा चुरडलेला पालापाचोळा मांजराला मातीपेक्षाही आवडतो. चिपाडं दोन-तीन दिवस उन्हात वाळवून घ्या, नाहीतर गोडाला मुंग्या लागतात.

खराट्याच्या काड्या खोचण्याचा उपाय लोक करतात. दोन-दोन इंचांवर खोचल्या तर मांजराला बसता येत नाही हे खरं, पण टोकं बोथट करून घ्या आणि काडी मातीवर सहा-आठ इंच तरी दिसू द्या. आखूड, टोकदार काडी वाकून हुंगणाऱ्या मांजराच्या डोळ्यात जाते, आणि कुंडीत वाकणाऱ्या माणसाच्याही. बाभळीचे, लिंबाचे काटे पसरू नका. पंजात मोडलेल्या काट्याचं गळू होतं आणि भटक्या मांजराला ते कोण दाखवणार?

उन्हाळ्यात एक सोपी जोड देता येते. मांजरं बहुतेक करून तिन्हीसांजेला आणि पहाटे येतात, तेव्हा ते तीन आठवडे पाणी सकाळऐवजी संध्याकाळी घाला. ओली माती त्यांना नको असते. पावसाळ्यात हे करू नका, रात्रभर ओल राहून मेथीची रोपं बुडाशी कुजतात.

तुम्हीच नकळत बोलावत असाल तर

हाडांचा चुरा आणि माशांपासून केलेलं द्रवखत या दोन्हींचा वास मांजराला लांबून येतो. गुलाबाला हाडांचा चुरा घातला आणि दुसऱ्या दिवशी आळं उकरलेलं सापडलं, तर मांजराने तिथे खाणं शोधलं असं समजा. निंबोळी पेंड, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत वापरा. हाडांचा चुरा घालायचाच असेल तर चार इंच खोल, आणि वर गोटे. ओल्या कचऱ्याच्या बादलीला घट्ट झाकण हवं.

दुसरं बोलावणं बागेतच उगवतं. खोकली किंवा कुप्पी हे तण पावसाळ्यात कुंड्या-कुंड्यांतून उगवतं, कोवळ्या पानांचं, पानाच्या बगलेत हिरव्या कपासारखी फुलोऱ्याची ठेवण असलेलं. त्याच्या मुळांच्या वासाने मांजरं अक्षरशः झिंगतात, लोळतात, मुळं चावतात. उपटून वाफ्याच्या कडेला टाकलं तर आसपासची मांजरं गोळा होतात. पिशवीत भरून बाहेर टाका. आणि नर्सरीतून ‘मांजरं पळवणारं झाड’ म्हणून गवती चहा आणला असेल तर तो चहासाठीच ठेवा. बरीच मांजरं त्याची पाती आवडीने चावतात.

याउलट एक झाड मांजरांपासून जपायला हवं, मांजरांसाठी. खरी लिली, कुंडीतली ओरिएंटल किंवा एशियाटिक, मांजराला फार विषारी असते. अंगाला लागलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. मांजरांचा राबता असलेल्या बागेत ती लावू नका.

त्यांच्यासाठी जागा

वाफे बंद केले तरी चार-पाच मांजरांना जायचं तर कुठेतरी आहेच. पर्याय दिला नाही तर ती शेजारच्या कुंडीत जातात आणि मग वाद सुरू. बागेचा सगळ्यात कमी वापरातला, भिंतीकडचा कोपरा निवडा. दोन बाय तीन फुटांची जागा विटांनी आखा, सात-आठ इंच खोल बारीक वाळू भरा. प्लास्टरसाठी मिळणारी बारीक क्रश सँड धुऊन, धूळ काढून चालते. वर पत्र्याचा किंवा जुन्या दाराचा तिरपा आडोसा, कारण पावसाने भिजलेली वाळू त्यांना चालत नाही. सुरुवातीला डब्यात ठेवलेली ती जुनी माती वरच्या थरात मिसळा. वास ओळखून ती तिथे जाऊ लागतात. खाण्याची जागा इथून लांब हवी, जेवतात तिथे मांजरं घाण करत नाहीत. रोज झारीने घाण काढली नाही तर चार दिवसांत ती पुन्हा वाफ्याकडे वळतात, हे मात्र पक्कं.

रोज काढण्याला आरोग्याचंही कारण आहे. संसर्ग झालेल्या मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीची अंडी बाहेर पडतात, पण ती लागण करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. चोवीस तासांच्या आत उचलली तर धोका जवळजवळ टळतो. हे काम घरातल्या गरोदर बाईने करू नये. हातमोजे घालावेत, पालेभाज्या दोन-तीन पाण्यांतून धुऊन शिजवून खाव्यात, आणि मांजराची विष्ठा घरच्या कंपोस्टमध्ये कधीही टाकू नये. त्या ढिगात जंतू मरण्याइतकी उष्णता तयार होत नाही.

वृंदावनावरची धार

शी आणि धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोका उभ्या वस्तूकडे पाठ करून, शेपूट वर करून, थरथरवत फवारा सोडतो. ती हद्दीची खूण असते आणि वाळूचा कोपरा देऊन ती थांबत नाही. नुसत्या पाण्याने धुतलं तर आपल्याला वास येत नाही, त्याला येतो आणि तो परत येऊन खूण ताजी करतो. एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात एकास नऊ या प्रमाणात विरघळवा, दगडावर दहा मिनिटं ठेवा, घासा, भरपूर पाण्याने धुवा, उन्हात वाळू द्या. हे पाणी तुळशीच्या मातीत जाणार नाही असं बघा. मातीच्या कुंड्या आणि विटा धार शोषून घेतात, त्यांना दोन-तीनदा करावं लागतं. ब्लीच वापरू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा घातक वायू होतो.

कायमचा उपाय म्हणजे बोक्याची नसबंदी. त्यानंतर दहातले नऊ बोके धार सोडणं थांबवतात किंवा फार कमी करतात, आणि रात्रीची मारामारी व ओरडणंही घटतं.

काकूंशी बोलणं

तक्रार घेऊन जाऊ नका, मदत मागायला जा. त्या जे करताहेत ते मायेने करताहेत, आणि त्यांच्या हातात असलेल्या दोन-तीन गोष्टी बदलल्या तर तुमचं अर्धं काम होतं. पहिली गोष्ट दूध. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं, आणि तीच पातळ घाण वाफ्यात न पुरता पडून राहते. दुधाऐवजी स्वच्छ पाणी, आणि पोळीऐवजी मांजरांचं कोरडं खाणं किंवा बिनमिठाचे उकडलेले कोंबडीचे तुकडे. दुसरी म्हणजे वेळ. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, अर्ध्या तासाने ताटली उचलायची. दिवसभर ठेवलेलं खाणं चार गल्ल्यांतली मांजरं आणि घुशी बोलावतं. आणि तिसरी म्हणजे जागा, तुमच्या कुंपणापासून वीस-पंचवीस फूट तरी लांब.

नसबंदी याच माणसांच्या मदतीने होते, कारण मांजर त्यांच्याच हाताशी येतं. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, गर्भ साधारण नऊ आठवड्यांचा असतो, आणि वर्षात दोन-तीन वेत सहज होतात. त्यामुळे आज चार असलेली मांजरं वर्षभरात किती होतील याचा हिशोब काकूंनाही पटतो. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे आणि शहरातल्या प्राणिमित्र संस्थांकडे चौकशी करा, खर्च सोसायटीत वाटून घ्या. ज्या दिवशी पकडायचं त्याच्या आदल्या रात्रीपासून खाणं बंद ठेवावं लागतं, पाणी मात्र बंद करायचं नाही. वेळ डॉक्टर सांगतील तशी. पिंजऱ्यावर चादर टाका, अंधारात मांजर शांत राहतं. शस्त्रक्रियेनंतर कानाचं टोक किंचित कापून खूण करतात, ती असलेलं मांजर पुन्हा पकडायचं नाही.

यंत्रं, बाटल्या आणि भिंती

गेटवर ठेवलेल्या लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्यांचा काहीही उपयोग होत नाही.

हालचाल दिसली की पाणी उडवणारा स्प्रिंकलर चांगला चालतो, पण त्याला दाब लागतो. टाकीपासून नळापर्यंत दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे तीन मजली इमारतीत तळमजल्याला एवढाच. खोक्यावरचा किमान दाब वाचूनच घ्या, आणि तो टाकीच्या लाइनला जोडा, ठरावीक वेळेच्या नळाला नव्हे. त्याचा सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या भिंतीसमोर तो मांजर चुकवतो. रात्री नीट चालतो. रस्त्याकडे तोंड करून लावू नका.

अल्ट्रासॉनिक यंत्राचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, मांजराला येतो, आणि कुत्र्यालाही येतो. शेजारी कुत्रा असेल तर नको. दाट पानांमागे आवाज पोचत नाही, म्हणून ते मांजराच्या उंचीवर, मोकळ्या जागेकडे तोंड करून लावावं लागतं. फेऱ्या कमी होतात, बंद होत नाहीत.

कंपाउंडच्या भिंतीवर काचा लावणं क्रूर आहे आणि मांजर त्यांतून पाय ठेवत चालत जातं. भिंत सहा फुटांची किंवा जास्त असेल तर वर फिरणारा पाइप लावता येतो. जाड जस्ती तारेवर तीन इंची पीव्हीसी पाइप सैल ओवायचा, तारेची टोकं भिंतीवरच्या एल-अँगलना ताणून बांधायची, पाइप आणि भिंत यांत दीड इंचापेक्षा कमी फट. मांजराने उडी मारून पंजा टाकला की पाइप फिरतो आणि ते अलगद मागे उतरतं. पण भिंतीला टेकलेली एक फांदी, एक स्कूटर किंवा पाण्याचा पिंप असेल तर हा सगळा खर्च वाया. फांदी छाटायची तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या. तुमच्या एवढ्याशा बागेला पाइपची गरज पडेल असं वाटत नाही, वाफे आणि कुंड्या नीट झाकल्या की पुरतं.

कुठलीही फट बुजवण्याआधी, कुंड्यांच्या मागे, जिन्याखाली, जुन्या खोक्यांत पिल्लं नाहीत ना ते बघा. असतील तर हात लावू नका, भाटी सहसा स्वतःच त्यांना हलवते, नाहीतर आठ आठवड्यांत ती हिंडती-फिरती होतात. तोवर तो कोपरा तसाच राहू द्या.

जूनमध्ये पाऊस लागला की सगळ्या कुंड्या पुन्हा एकदा तपासा. उघड्यावरची माती ओली होते, आणि मांजरं पत्र्याखालच्या, छज्जाखालच्या कोरड्या कुंड्यांकडे वळतात, ज्यांच्याकडे उन्हाळाभर त्यांनी पाहिलंही नव्हतं. त्या कुंड्यांवर गोटे किंवा सोडणं मे संपायच्या आत घाला, आणि वाळूच्या कोपऱ्यावरचा आडोसा गळत नाही ना ते बादलीभर पाणी ओतून पाहून घ्या.